प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? आमच्या घरात दोन तट पडलेत

वळणावर

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा क्लच गेला आणि आता तिच्यात आणखी पैसे घालायचे नाहीत यावर घरात एकमत झालं. एकमत तेवढंच. पुढची गाडी प्लगवाली हवी हेही दोघांना मान्य आहे, पण बायको म्हणते सरळ इलेक्ट्रिक घेऊ आणि मी प्लग-इन हायब्रिडवर अडून बसलोय.

माझं म्हणणं साधं आहे. रोजचं जाणं-येणं बॅटरीवर, लांब जायचं तर टाकीत पेट्रोल आहेच. दोन्ही हातात लाडू. तिचं म्हणणं, "एका गाडीच्या पोटात दोन गाड्या कशाला सांभाळायच्या?"

रोज ऑफिसला जाऊन-येऊन ३८ किमी होतात. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या शहरात. महिन्यातून एकदा आईबाबांकडे, एका बाजूने २६० किमी, वाटेत एक घाट. त्यांच्या अंगणात साधा प्लग आहे. आमच्या इमारतीखाली गाडीची जागा ठरलेली आहे, पण तिथे प्लग नाही, मीटरच्या खोलीपासून तीसेक मीटर लांब पडते. जी प्लग-इन मनात आहे तिची बॅटरी १४ युनिटची, कंपनी ७५ किमी म्हणते. बायकोने पसंत केलेली इलेक्ट्रिक ६० युनिटची. (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलात असतं तेच.)

ज्यांनी स्वतः वापरलीय त्यांनी कृपया लिहा. जाहिरातीतलं सगळं आम्ही पाठ केलंय.

लुडबुड्या

सायकल घ्या. पुढचा प्रश्न?

शून्य धूर

वहिनींचं ऐका. धागा बंद करायला हरकत नाही.

बरं, कारणंही देतो. चार वर्षं झाली, ९० हजार किमी. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, टायमिंग बेल्ट नाही. आजवर केबिनचा फिल्टर, वायपर, ब्रेक ऑइल आणि टायर एवढंच बदललं. टायर लवकर गेले हे कबूल, गाडीही जड आणि माझा पायही जड. ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि वीज परत बॅटरीत टाकते, त्यामुळे ब्रेक लागतच नाहीत. उलट डिस्कला गंज धरतो म्हणून अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम करकचून दाबावे लागतात.

दोन घोडे

शून्य धूर, तुमच्या घरी स्वतःचा चार्जर आहे. ते लिहायचं राहिलं वाटतं.

मी तीन वर्षं प्लग-इन चालवतोय. रोज ४४ किमी, सगळे बॅटरीवर, कारण गाडी अंगणात उभी असते आणि घरात शिरायच्या आधी केबल खोचायची सवय लागलीय. पेट्रोल इतक्या दिवसांनी भरतो की मागच्या वेळी फजिती झाली. पंपावर गेलो, झाकण उघडेना. तिथला माणूस ते उपटायच्या बेतात. मागून हॉर्न. मग आठवलं की आत स्टिअरिंगखाली एक बटण आहे. ते दाबायचं, टाकीतला दाब सुटायची वाट बघायची, स्क्रीनवर खूण आली की मगच झाकण उघडतं. साध्या गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिन वरचेवर ओढून जाळून टाकतं. इथे इंजिन आठवडेच्या आठवडे निजलेलं, वाफ जाणार कुठे? म्हणून टाकी हवाबंद आणि दाब सोसणारी करतात.

दुसरी गंमत म्हणजे एकदा सिग्नलला उभा असताना बॅटरी अर्धी शिल्लक असूनही इंजिन आपणहून सुरू झालं. आधी वाटलं बिघाड. मग कळलं की बरेच दिवस चाललं नाही म्हणून गाडीनेच त्याला हलवून जागं केलं. शेवरले कंपनीची व्होल्ट ही प्लग-इन गाडी २०१० च्या डिसेंबरात आली तेव्हापासून ही युक्ती आहे. तिच्यात साधारण सहा आठवडे इंजिन बंद राहिलं तर गाडी ते स्वतः थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं की जाळून संपवायची.

आता वळणावर, तुमचा प्रश्न. अंगणात प्लग असेल तर प्लग-इनसारखं सुख नाही. वाटेत चार्जर चालू असेल का, तिथे रांग असेल का, हा घोर नाही.

तेलकट हात

गॅरेजवाला आहे, कोणाच्या बाजूने नाही. दोन्ही गाड्या येतात.

गेल्या महिन्यात एक प्लग-इन आली, ६० हजारांवर पळालेली, कंपनीने साहेबांना दिलेली. तक्रार काय, तर पेट्रोल फार खाते. मी आधी चार्जिंगचं झाकण उघडलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. तीन खण, तिन्ही लिंपून बंद. केबल डिकीत, टायरच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. साहेबांना विचारलं कधी चार्ज केलीत? म्हणाले, "पेट्रोलचं कार्ड ऑफिस देतं, विजेचे पैसे कोण देणार?"

त्या गाडीत बिघाड काहीच नव्हता. दीडशे किलो जादा वजन घेऊन पेट्रोलवर पळत होती, पेट्रोल खाणारच.

शून्य धूर

तेलकट काका, याची चौकट करून लावा.

आकडेमोड

काकांनी माशीचं घर दाखवलं, मी त्याच गोष्टीचे आकडे देतो.

युरोपियन कमिशनने २०२४ च्या मार्चमध्ये एक अहवाल काढला. २०२१ मध्ये नोंदलेल्या सुमारे ६ लाख गाड्यांतल्या यंत्रणेनेच मोजलेली खरी इंधनखपत त्यात होती. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. साध्या पेट्रोल गाड्यांतही फरक होता, पण तो विसेक टक्क्यांच्या घरातला.

कागदावर इतकं कमी कसं दाखवतात? चाचणीत एक 'युटिलिटी फॅक्टर' असतो. म्हणजे अमुक किमी विजेवर जाणारी गाडी असेल तर मालक एकूण प्रवासातला इतका हिस्सा विजेवर करेल असं आधीच धरून चालायचं. ते गृहीतच फार उदार होतं. २०२२ मध्ये इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने युरोपातल्या गाड्यांचा अभ्यास केला. खाजगी मालक ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापत होते आणि कंपनीच्या गाड्या फक्त ११ ते १५ टक्के. मग युरोपने नव्या गाड्यांसाठी ते गृहीत २०२५ पासून आवळलं.

त्यामुळे प्लग-इनच्या माहितीपत्रकात लिटरमागे काहीतरी अचाट मायलेज दिसलं तर ते गाडीचं नाही, एका काल्पनिक शिस्तप्रिय मालकाचं मायलेज आहे. वळणावर, तो मालक तुम्ही आहात का, एवढंच ठरवायचंय.

दोन घोडे

मी आहे. :)

आणि दुसऱ्याने केबल खोचली नाही म्हणून माझी गाडी वाईट ठरत नाही.

आकडेमोड

बरोबर, तुमची गाडी उत्तमच आहे. मी सरासरीबद्दल बोलत होतो.

लुडबुड्या

सरासरी माणसाला दीड केबल असते.

अबोली

मला कळत नाही त्यातलं, पण एक शंका. इलेक्ट्रिकची बॅटरी मोठी म्हणजे खर्चही मोठा. प्लग-इनची छोटी, म्हणजे उद्या बदलायची झाली तर स्वस्तात सुटका. असं नाही का?

आकडेमोड

स्वस्त पडेल, पण आधी दमेल कोण ते बघा.

प्लग-इन प्रत्यक्षात एका चार्जवर ६० किमी जाते असं धरू. तिने विजेवर दीड लाख किमी केले तर बॅटरी २,५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली. इलेक्ट्रिक प्रत्यक्षात ३५० किमी जाते असं धरलं तर तेवढ्याच दीड लाखाला सुमारे ४३० वेळा. लहान बॅटरी रोज तळ गाठते, मोठी आरामात लोळत असते. शिवाय गाडी जोरात पळवली की लहान बॅटरीतल्या एकेका सेलवर भार जास्त येतो.

बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्या शेवरले व्होल्टच्या पहिल्या पिढीत बॅटरी १६ युनिटची होती, पण वापरायला साडेदहाच्या आसपासच द्यायचे, वरचे-खालचे राखून ठेवलेले. म्हणून गाडी घेताना बॅटरी एकूण किती आणि वापरायला किती, हे दोन्ही विचारा. रसायनही विचारा. लिथियम-लोह-फॉस्फेटवाली, म्हणजे एलएफपी, जास्त फेऱ्या सोसते आणि तिला अधूनमधून १०० टक्के भरावंच लागतं, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकायला लागतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, एनएमसी, रोजच्याला ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी.

हमी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी आणि ७० टक्के क्षमता, अशी दिसते. पण प्लग-इनच्या बॅटरीला तीच आहे का, ते बारीक अक्षरांत वाचून घ्या.

अबोली

धन्यवाद. बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधते.

थंडगार

मी अशा ठिकाणी राहतो जिथे हिवाळ्यात उणे पंधरा नेहमीचं. दोन्ही वापरून झाल्यात. थंडीत इलेक्ट्रिकचा पल्ला तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, छोट्या फेऱ्या असतील तर त्याहून वाईट, कारण दर वेळी गार पडलेली केबिन नव्याने तापवायची. पण माझ्या प्लग-इनची तऱ्हा न्यारी होती. हीटर लावला की इंजिन सुरू! उष्णता तिथूनच घ्यायची म्हणे. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आणि मी कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत धूर सोडत चाललोय. घेण्याआधी 'हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र, आहे का आणि हीटरला इंजिन लागतं का' हे जरूर विचारा.

थंडीत इलेक्ट्रिक चालत नाही म्हणणाऱ्यांना, नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या.

वळणावर

आमच्याकडे इतकी थंडी नाही, पण माहितीबद्दल आभार.

काकांची कुंभारमाशी घरी वाचून दाखवली. बायकोने मान वर न करता विचारलं, "तुझा मोबाइल आत्ता किती टक्क्यांवर आहे?" नऊ टक्क्यांवर होता. "रोज रात्री हातातला मोबाइल लावायची आठवण होत नाही तुला, आणि खाली जाऊन गाडी लावणार?"

माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर द्या, लवकर द्या.

शून्य धूर

सांगितलं ना, वहिनींचं ऐका.

दोन घोडे

वहिनींनी नेमकं दुखणं पकडलंय. मी प्लग-इनवाला असूनही सांगतो. लोक समजतात की प्लग-इनला चार्जिंगची कटकट कमी, कारण पेट्रोल आहे. उलट आहे. सगळ्यांत जास्त वेळा केबल खोचावी लागणारी गाडी हीच. इलेक्ट्रिकवाला आठवड्यातून दोनदा लावतो. मी रोज लावतो. पावसात, पाहुणे आलेले असताना, हातात पिशव्या असताना. एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी इंजिन. मला त्याचं काही वाटत नाही, प्लग दारात आहे. तुमचा प्लग कुठे असेल?

वळणावर

सध्या कुठेच नाही. म्हटलं ऑफिसजवळच्या सार्वजनिक चार्जरवर लावू.

दोन घोडे

मग नाद सोडा. बहुतेक प्लग-इनना डीसी फास्ट चार्जिंग (बाहेरच्या मोठ्या चार्जरवरून थेट बॅटरीत झटपट वीज भरणं) नसतं. गाडीतला चार्जर साडेतीन ते सात किलोवॅटचा. १४ युनिट भरायला दोन ते चार तास लागणार, आणि मिळणार ६० किमी. त्यासाठी रोज कोण गाडी ठेवून चालत जाईल? पहिला महिना जाल, दुसऱ्या महिन्यात माशी घर बांधेल.

तेलकट हात

दोन घोडे बरोबर बोलले. आणखी एक. प्लग-इनचं इंजिन कसं वापरलं जातं तेही बघा. बॅटरीवर तासभर शांत चालली, मग हायवेवर चढ आला, तुम्ही पाय दाबला. त्या क्षणी थंडगार इंजिनाला एकदम मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर उठवतात. तेल वर पोचायच्या आत कामाला जुंपलं. बनवणारे त्याची सोय करतात, करत नाहीत असं नाही, पण मी तरी हायवे येण्याआधी हायब्रिड मोडवर टाकून इंजिन जरा गरम करून घ्या असंच सांगतो. आणि पाच-पाच मिनिटं चालून बंद होणाऱ्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. म्हणून किमी कमी झाले तरी ऑइल वर्षाला बदलायचंच. इंजिन चाललंच नाही तर ऑइल कशाला, असं विचारतात. पाणीही महिनाभर हंड्यात ठेवलं तर पीत नाही ना आपण?

इलेक्ट्रिकला हे काही नाही. पण इलेक्ट्रिकवाल्यांनी फार उड्या मारू नयेत. टोचन लावून आलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत मी सगळ्यांत जास्त बघितलेला दोष कुठला, सांगा बघू?

शून्य धूर

बारा व्होल्टची बॅटरी. :(

माझीच कर्मकथा आहे. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि गाडीचं दार उघडेना. गाडी जागी करणारी सगळी यंत्रणा त्या छोट्या बारा व्होल्टवर चालते. ती मेली की साठ युनिट पोटात असूनही गाडी दगड. शेजाऱ्याच्या जुन्या पेट्रोल गाडीवरून जंप दिला. शेजारी अजून आठवण काढतो.

चौथा मजला

वळणावर, माझी परिस्थिती अगदी तुमच्यासारखी होती, म्हणून प्लगबद्दल लिहितो. बाकी वाद तुमचे तुम्ही घाला.

मीटरच्या खोलीतून आपल्याच मीटरवरून वेगळी लाइन ओढायची. कमिटीला सगळ्यांत मोठी भीती असते की सामाईक वीज चोरली जाईल. आपला मीटर म्हटलं की अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा आगीच्या भीतीचा, आणि ती भीती रास्त आहे. गाडी चार्ज होणं म्हणजे इस्त्री दहा तास अखंड चालू ठेवण्यासारखं आहे. घरात अशी दुसरी कुठलीच वस्तू नसते.

म्हणून वायर जाड घ्या. १६ अँपिअर, ३० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून हे नेलं तर पावणेदोनशे वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर पासष्टेक. सुरुवातीला मी हुशारी करून गुंडाळीच्या एक्स्टेंशनवरून गाडी लावली होती. सकाळी प्लग काढायला गेलो तर निघेना. पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन सॉकेटमध्ये रुतून बसलं होतं, पिवळट-तपकिरी पडलेलं, कडेला बुडबुडे आलेले. तो तुकडा कमिटीच्या बैठकीत दाखवायला ठेवलाय, म्हणजे पुढच्याने तसं करू नये म्हणून.

अर्थिंग तपासून घ्या, आणि गळती ओळखणारा ब्रेकर डीसी गळतीही ओळखणारा आहे ना हे इलेक्ट्रिशियनला विचारा. काही चार्जरमध्ये ती सोय आतच असते.

आकडेमोड

चौथा मजला, प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

वळणावर, आता तुम्ही एक करा. गाडी जुनीच चालवा अजून महिनाभर, आणि वही ठेवा. रोज किती किमी झाले, रात्री गाडी कुठे उभी होती. बस. माणसाला आपलं चालवणं आठवतं ते सहलींवरून. रोजचं आठवतच नाही.

लुडबुड्या

क्लच गेलाय म्हणाले ना ते.

वळणावर

गेलाय म्हणजे घसरतोय. चढाला रडतो, सपाटीला चालतो. आकडेमोड, वही घेतली.

*(पाच आठवड्यांनंतर)*

वळणावर

मंडळी, वहीचा हिशेब. ३१ दिवस.

ऑफिसचे २१ दिवस. त्यातले १९ दिवस नेमके ३८ किमी, दोन दिवस कामासाठी वाकडी वाट, ते ६५-६६ किमीचे झाले. सुट्टीच्या पाच दिवशी मिळून १६४ किमी. तीन दिवस गाडी हललीच नाही. आईबाबांकडे जाताना २६३, येताना २६८. एकूण १,५४८ किमी.

म्हणजे ३१ पैकी २७ दिवस ६० किमीच्या आत. मला वाटत होतं आम्ही बरेच लांबलांब फिरतो!

आकडेमोड

सुरेख. आता बघा.

प्लग-इन घेतलीत, ती प्रत्यक्षात ६० किमी जाते आणि रोज न चुकता लावलीत, तर यातले १,१२६ किमी विजेवर, ४२२ पेट्रोलवर. ७३ टक्के वीज, युरोपातल्या खाजगी मालकांपेक्षा कितीतरी बरं. पण त्यासाठी केबल खोचायची २८ वेळा. इमारतीत प्लग नसेल तर विजेवर फक्त आईबाबांकडून निघतानाचे ६० किमी. म्हणजे ४ टक्के.

इलेक्ट्रिक घेतलीत आणि रोजच्याला २० ते ८० टक्क्यांतच खेळवलीत, तर महिन्याला सात-आठ वेळा लावावी लागेल.

वळणावर

२८ आणि ८.

हे बायकोला दाखवायचं की नाही या विचारात आहे.

दोन घोडे

दाखवा, सुटका नाही. :) आणि मी माझी बाजू सोडलेली नाही हं. तुमचे आईबाबा २६० ऐवजी ५०० किमीवर असते, वाटेत चार्जर धड नसते आणि प्लग तुमच्या दारात असता, तर मी तुम्हाला हट्टाने प्लग-इनच घ्यायला लावली असती.

शून्य धूर

हे मलाही मान्य. (तारीख लिहून ठेवा.)

वळणावर

घाटाचं काय पण? सगळे घाबरवतात की चढाला बॅटरी ढसाढसा पिते.

आकडेमोड

१,८०० किलोची गाडी ६०० मीटर उंच न्यायची म्हणजे साधारण तीन युनिट, घट धरून सव्वातीन. उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. घाटाला घाबरू नका, वेगाला घाबरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० चा १२० केलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो. पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे कळत नाही, कारण इंजिन तसंही पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग वायाच घालवतं. लिटरभर पेट्रोलमध्ये जवळजवळ ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे तुमची ६० युनिटची अख्खी बॅटरी सात लिटरही नाही! एवढ्यात साडेतीनशे किमी जायचं तर प्रत्येक उधळपट्टी डोळ्यांत भरणारच.

अबोली

सात लिटर! हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं.

तेलकट हात

वळणावर, रेंज एक्स्टेंडरवाल्याही येतायत. त्यात चाकं मोटरच फिरवते, इंजिन फक्त वीज बनवायला. चीनमध्ये लि ऑटोने अशा बऱ्याच विकल्या. बॅटरी मोठी असते, म्हणून रोज लावायची सक्ती कमी. पण तुमच्या वहीला तीही लागत नाही. तुमची वही इलेक्ट्रिकची आहे. क्लचचं काम माझ्याकडे आणलं असतंत तर मला चार पैसे मिळाले असते, असो.

*(अडीच महिन्यांनंतर)*

वळणावर

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

इलेक्ट्रिक घेतली. कमिटीला तीन बैठका लागल्या. चौथा मजला यांच्या जळक्या प्लगचा फोटो मागवून घेतला होता, तो दाखवला आणि सांगितलं की असं होऊ नये म्हणूनच जाड वायर टाकायचीय. एका काकांनी विचारलं की वीज गेल्यावर तुमची गाडी आमच्या लिफ्टची वीज ओढेल का. शेवटी परवानगी मिळाली. ३२ मीटर, चार चौरस मिलिमीटर, आपल्याच मीटरवरून. पहिल्या रात्री दोन वाजता चपला घालून खाली गेलो आणि प्लगला हात लावून बघितला. कोमटही नव्हता. वर आलो तर बायको जागी. काही बोलली नाही, कूस बदलली.

१६ अँपिअरवर २० वरून १०० टक्के व्हायला चौदा-पंधरा तास लागतात. रोजच्याला तेवढं लागतच नाही. आईबाबांकडे जायच्या आधी मात्र दोन रात्री लागोपाठ लावली. निघालो १०० टक्क्यांवर, पोचलो २३ वर. वेग ९५ ते १०० धरला. पेट्रोल गाडी मी कधी इतकी शहाण्यासारखी चालवली नव्हती. घाट चढताना आकडा भराभर उतरला तेव्हा हात घामेजले, हे खोटं कशाला बोलू.

अडचण भलतीकडेच निघाली. बाबांच्या अंगणातला तो साधा प्लग पाण्याच्या पंपाच्या लाइनवर आहे. शनिवारी संध्याकाळी गाडी लावलेली असताना बाबांनी पंप सुरू केला आणि अख्खं घर अंधारात. आता त्यांनी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलंय, सकाळी ६ ते ७ पंप, बाकी गाडी. खाली लाल पेनाने लिहिलंय, 'पंप आधी.'

शून्य धूर

अभिनंदन! बारा व्होल्टकडे लक्ष ठेवा.

दोन घोडे

अभिनंदन. आणि मोबाइल किती टक्क्यांवर आहे?

वळणावर

अकरा.